वॉशिंग मशीनचा हिशेब

शास्त्रभाग : लूक १४:२८-३०, अनुवाद २४:१४-१५, स्तोत्र ५१



उपदेशाच्या पानावर वॉशिंग मशीन कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. परंतु गेल्या पावसाळ्यात या यंत्रावरून आमच्या घरी जे घडले, त्यात ज्या वचनावर आम्ही आजवर निदान पाच-सहा वेळा बोललो असू तेच वचन आमच्या अंगावर आले. म्हणून लिहीत आहोत.

बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना धुण्याची अडचण सांगायला नको. जूनमध्ये व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या की त्या सप्टेंबर संपेपर्यंत सुटत नाहीत. शाळेचे गणवेश पंख्याखाली, मोजे शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर आणि घरभर ओल्या कपड्यांचा कुबट वास. अशा जुलैत आमच्याकडे सतरा वर्षे धुणे करणाऱ्या अक्कांचा उजवा खांदा आखडला. वीस दिवस त्यांना येता आले नाही. पहिले दोन दिवस आम्ही "असू दे, बरे वाटेल" असे म्हणालो. तिसऱ्या दिवशी न्हाणीतल्या बादल्या पाहून पत्नी म्हणाल्या, "आता मशीनच घेऊ या." आम्ही लगेच होकार दिला. अक्कांच्या खांद्याची चौकशी करायला वडगावपर्यंत आमच्यापैकी कोणी गेले नाही, हे येथेच कबूल करून टाकतो.

मशीन घ्यायचे ठरल्यावर मात्र आमचा उत्साह पाहण्यासारखा होता. तीन दुकाने पालथी घातली. गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर रकाने आखले : किंमत, किलो, पाणी, वीज, हमीची वर्षे. ज्यांना हे काम करायचे असेल त्यांच्यासाठी आम्ही शिकलो ते थोडक्यात सांगतो. सात किलोचे मशीन म्हणजे सात किलो कोरडे कपडे, ओले नव्हेत. सेमी-ऑटोमॅटिक सर्वांत स्वस्त. त्याला नळाच्या दाबाची गरज नाही, बादलीने पाणी ओतले तरी चालते आणि पांढऱ्या कपड्यांच्या पाण्यात पुन्हा रंगीत कपडे घालता येतात. त्याचा पिळण्याचा भाग इतक्या जोरात फिरतो की पावसाळ्यात कपडे निम्मे वाळूनच बाहेर येतात. पण धुतलेले जड ओले कपडे एका कुंडातून उचलून दुसऱ्यात घालावे लागतात आणि माणसाला तेथे उभे राहावे लागते. पुढून दाराचे ऑटोमॅटिक पाणी सर्वांत कमी घेते व कपडे उत्तम धुते, पण महाग. पाणी तापवण्याची सोय त्यातच असते आणि ती चालू असली म्हणजे वीज भराभर जाते. साबणही कमी फेसाचाच लागतो. वरून झाकणाचे ऑटोमॅटिक या दोहोंच्या मधले; पाणी अधिक खाते, पण वाकावे लागत नाही. आणि ताऱ्यांचे जे लेबल चिकटवलेले असते त्यावरचे तारे मोजून थांबू नये. एक किलो कपड्यांमागे एका धुण्याला वीज किती लागते हे तेथे छापलेले असते, तेही वाचावे.

पाण्याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घराप्रमाणे करावा. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. परसातल्या आडावर पंप बसवला आहे, तेच पाणी टाकीत चढते. आडाचे पाणी जड. त्यातल्या चुना आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस कमी येतो, कपड्यावर राखी थर बसतो आणि पाणी तापवणाऱ्या दांडीवर पापुद्रे चढतात. एवढे कळल्यावर पुढच्या दाराचे मशीन आमच्या यादीतून गळाले.

राहिला दाबाचा प्रश्न. दुकानदाराने सांगितले, ऑटोमॅटिक घ्यायचे तर टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा निदान तीन मीटर उंच हवा. आमची टाकी न्हाणीच्या पत्र्याशेजारच्या बुटक्या कट्ट्यावर. म्हणजे लोखंडी अँगलचा उंच घोडा करून टाकी त्यावर चढवावी लागणार. नळकाम धरून खर्च साडेचार हजार! आम्ही घरी येऊन हसत म्हणालो, "लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज आता आपल्या परसात उभा राहणार." प्रभूने सांगितलेला तो मनुष्य आधी बसतो आणि बुरूज पुरा होण्याइतके आपल्याजवळ आहे की नाही ते पाहतो. आम्हीही बसलो होतो. रकाने भरले होते. बेरीज बरोबर होती. त्या रात्री उपदेशकाला स्वतःच्या शहाणपणाचे थोडे समाधानही वाटले.

आमची आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती खाटेवर बसून ऐकत होती. तिने एवढेच विचारले, "अक्काला सांगितलंस का?"

दिनदर्शिकेच्या पाठीवर तो रकाना नव्हता.

बंधूंनो, या दाखल्यावर बोलताना आम्ही नेहमी शिष्यपणाची किंमत सांगत आलो, आणि प्रभूचा मुख्य अर्थ तोच आहे यात शंका नाही. पण खर्च कोणाच्या खिशातून जाणार हा प्रश्न आम्ही कधी केलाच नाही. आमच्या त्या कागदावरचा सर्वांत मोठा खर्च आमचा नव्हताच. तो अक्कांचा होता. दरमहा पंधराशे रुपये, आणि तो कायमचा. आम्ही मात्र ती रक्कम दुसऱ्या बाजूला लिहून ठेवली होती : "मशीनमुळे होणारी बचत."

येथे आम्हांला पदविकेच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. हिब्रू भाषेत आमचे गुण सांगण्यासारखे नव्हते. तरी एवढे ध्यानात राहिले की त्या भाषेत धुण्यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. हातपाय किंवा अंग धुणे ते 'राहात्स'. कपडे धुणे, म्हणजे पाण्यात घालून तुडवणे, बडवणे, मळ काढणे, ते 'काबस'. एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद देवाजवळ धुऊन काढण्याची याचना करतो तेव्हा तो अंग धुण्याचा शब्द वापरत नाही. तो 'काबस' म्हणतो. मला कपड्यासारखा घे, आपट, तुडव, पण डाग राहू देऊ नकोस, असा त्याचा आक्रोश आहे. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात परटाच्या खाराची उपमा येते तेथेही तेच मूळ आहे. ज्या कामाला आपण घरात खालचे समजतो, पगाराच्या चर्चेत ज्याचा नंबर शेवटी येतो, ते काम देवाने स्वतःकडे घेतले आहे आणि त्याची त्याला लाज वाटलेली नाही.

यरुशलेमेच्या बाहेर परटाचे शेत म्हणून एक जागा होती. वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, वाटेच्या कडेला. तेथे यशया आहाज राजाला भेटायला गेला (यशया ७:३). पुढे हिज्कीयाच्या काळी अश्शूरचा सरदार त्याच ठिकाणी उभा राहून धमक्या देऊन गेला (२ राजे १८:१७). राजा आला, संदेष्टा आला, शत्रू आला. सर्वांची नोंद आहे. ज्यांच्या नावाने ते शेत ओळखले जाई त्या धुणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तेथे लिहिलेले नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायाविषयीही असेच एकदा मनात आले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि कमरेच्या रुमालाने पुसले. बारा जणांचे धुळीचे पाय पुसलेला तो रुमाल दुसऱ्या दिवशी कोणी धुतला असेल? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. आमच्या मुलीने तिच्या वर्गात विचारला तेव्हा एक लहान मुलगा म्हणाला, "त्यांच्या कामवाल्या मावशींनी."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अक्का परत आल्या. आम्ही त्यांना खुर्ची दिली. त्या उंबऱ्याशीच बसल्या. मशीनचे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे एक तारखेपास्नं येऊ नको म्हणतासा?" आवाजात राग नव्हता. चार घरांपैकी दोन घरांनी हेच ऐकवले होते. एका घराने तर महिना भरण्याच्या आधीच. बचत गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला असतो हे आम्हांला त्या दिवशी कळले. सतरा वर्षांत आम्ही त्यांचा पगार कधी सात तारखेला, कधी दहाला दिला. "थोडे इकडेतिकडे झाले" असे आम्ही म्हणत असू. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तर सूर्य मावळण्याच्या आत म्हटले आहे, आणि कारणही दिले आहे : मजूर गरीब आहे आणि त्याचे सारे लक्ष त्या पैशावर आहे. मजूर आपला असो की परका, तेथे भेद नाही. त्याने देवाला हाक मारली तर दोष कोणावर येईल तेही स्पष्ट आहे. याकोबाच्या पत्रातल्या अडवून ठेवलेल्या मजुरीवर आम्ही मागच्या वर्षी कापणीच्या सणाला बोललो होतो. त्या महिन्यात अक्कांचा पगार नऊ तारखेला दिला होता. आम्ही जमाखर्चाची वही उघडून पाहिले, म्हणून तारीख सांगता येते.

पुढे जे झाले ते सगळेच सुरळीत झाले असे नाही. पत्नींचे म्हणणे वाजवी होते : "मशीनलाही पैसे आणि धुण्यालाही पैसे, हे आपल्या मिळकतीत कसे बसणार?" दोन संध्याकाळी यावरच गेल्या. शेवटी आईनेच सुचवले की अक्कालाच विचारा, धुण्यातले तिला जास्त कळते. एका शनिवारी आम्ही त्यांना घेऊन दुकानात गेलो. विक्रेता आमच्याशी बोलत होता. अक्का मशीनचे झाकण उघडून आत हात घालून पाहत होत्या. त्यांनी विचारले, यात वाकळ बसते काय? विक्रेत्याने आठ किलोच्या मशीनकडे बोट केले. अक्का म्हणाल्या, भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही, ती यात घातली तर यंत्रच मोडेल. वाकळीसाठी मोठे घेऊ नका, ती वर्षातून दोनदा दगडावरच धुवायची. सेमी-ऑटोमॅटिकवर त्यांनी हात ठेवला आणि मान हलवली : आईसाहेबांना ओले पिळे उचलायला लावू नका, माझा खांदा त्यानंच गेला. अशा रीतीने साडेसहा किलोचे, वरच्या झाकणाचे मशीन ठरले. आठ किलोचे घेतले असते तर सहा हजार जास्त पडले असते.

ते सहा हजार आम्ही वेगळे ठेवले. चार महिन्यांचा पगार. तेवढ्या काळात अक्कांनी आठवड्यातून तीनच दिवस यावे, पगार तोच राहील आणि कॉलर-मनगटे घासणे, वाळत घालणे, घड्या करणे एवढेच काम असावे असे ठरले. इस्त्रीचे आम्ही विचारले. त्यांनी खांद्याकडे पाहून साफ नाही म्हटले. चार महिन्यांनंतर काय, ते अजून ठरलेले नाही. ओळखीच्या एका घरी आजारी आजीबाईंच्या सोबतीला बाई हवी आहे, तेथे शब्द टाकला आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला हे जमेलच असे आम्ही म्हणणार नाही, आणि आमच्याकडे बोट दाखवून कोणी कोणाला दोष देऊ नये. पण दुकानात जाण्याच्या आधी तिला सांगणे याला पैसे पडत नाहीत. आम्ही तेही केले नव्हते.

परसातला बुरूज सप्टेंबरात उभा राहिला. पहिल्या दिवशी टाकीच्या सांध्यातून पाणी गळले ते गळलेच. नळकामवाल्याला दोनदा बोलवावे लागले. प्रभुभोजनाच्या मेजावरचे पांढरे कापड आमच्याच घरी धुण्याला येते. त्या महिन्यात त्यावर द्राक्षरसाचा डाग होता आणि मुलीने ते इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले. अक्कांनी झाकण उघडले, ते काढून घेतले आणि साबण न लावता गार पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवले. मुलगी आता दर रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडून डागांचे शिकते. तेलाला काय, शाईला काय, चहाला काय. वहीत लिहून घेते.

पगार आता महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दिवे लागण्यापूर्वी देतो. ऑक्टोबरात विसरलो होतो. आठवण आईने केली.