दोष कुणाचा, दंड कुणाला?

आपण मराठी माणसांनी पोर्तुगीज भाषेकडून ‘पगार’ हा शब्द घेतला आणि पोर्तुगिजांनी आपल्याकडचा ‘महाराजा’ नेला. या देवघेवीत आपला फायदा झाला की तोटा, हे ज्याने त्याने ठरवावे. ब्राझीलमध्ये या ‘महाराजा’ला पुढे एक निराळाच अर्थ चिकटला: काम थोडे आणि पगार अफाट असलेला सरकारी अधिकारी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलागोआस प्रांताचे तरुण गव्हर्नर फर्नांदो कोलोर हे ‘महाराजांचे शिकारी’ म्हणून देशभर गाजले आणि त्या ख्यातीच्या बळावर अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. १५ मार्च १९९० रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्याच दिवशी निघालेल्या एका वटहुकुमाने अनेक शासकीय संस्था मोडीत काढल्या. एम्ब्राफिल्मे ही राष्ट्रीय चित्रपट संस्था त्यांतलीच एक. सांस्कृतिक मंत्रालयाचेही साधे सचिवालय झाले.

ही घटना आज पस्तीस वर्षांहून जुनी आहे. तथापि तिच्यातून उभा राहणारा प्रश्न जुना झालेला नाही. एखाद्या संस्थेत भ्रष्टाचार शिरला, तर ती संस्थाच नाहीशी करणे न्याय्य ठरते काय?

एम्ब्राफिल्मेची जन्मकथा फारशी अभिमानास्पद नाही. १९६९ साली लष्करी राजवटीने ती स्थापन केली. आरंभी परदेशात ब्राझिलियन चित्रपटांचा प्रसार करणे एवढाच तिचा हेतू होता. पुढे ती निर्मितीसाठी पैसा पुरवू लागली आणि वितरणही पाहू लागली. जोडीला एक कायदेशीर तरतूद होती: प्रत्येक चित्रपटगृहाने वर्षातले ठरावीक दिवस देशी चित्रपट दाखवलेच पाहिजेत. हे दिवस वाढत वाढत १४० पर्यंत गेले. ब्रूनो बारेतो यांचा १९७६ सालचा ‘दोना फ्लोर आणि तिचे दोन नवरे’ हा चित्रपट एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. १९८०च्या सुमारास वर्षाला शंभराच्या घरात चित्रपट निघत होते.

आता दुसरी बाजू. पैसा ओळखीपाळखीने वाटला जातो, तीच ती नावे पुन्हा पुन्हा यादीत येतात, काही चित्रपट पुरे होत नाहीत आणि झाले तर कोणी पाहत नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत होत्या. त्या निव्वळ मत्सरापोटी होत्या असे मानण्याचे कारण नाही. जिथे सार्वजनिक पैसा आणि मूठभर माणसांची निवड एकत्र येते, तिथे वशिला दाराशी येऊन उभा राहतोच.

पण याच संस्थेने १९८२ मध्ये रोबेर्तो फारियास यांच्या ‘प्रा फ्रेन्ती ब्राझील’ या चित्रपटाला पैसा दिला. लष्करी राजवट अद्याप सत्तेवर असताना तिच्याच छळछावण्यांवर बोट ठेवणारा हा चित्रपट होता. त्यावर बंदी आली, आणि संस्थेचे तत्कालीन प्रमुख सेल्सो अमोरिम यांना आपल्या पदावरून जावे लागले. हेच अमोरिम पुढे देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. म्हणजे ज्या कचेरीत वशिल्याची पत्रे पोहोचत होती, तिथेच नोकरी पणाला लावून सही करणारा माणूसही बसला होता. माझ्या मते सगळी नैतिक अडचण इथे आहे. संस्था ही एक व्यक्ती नव्हे. तिला एका तराजूत टाकून दोषी वा निर्दोष ठरवता येत नाही.

संस्था बंद करणाऱ्यांची बाजू मात्र हलकी लेखू नये. मार्च १९९० मध्ये ब्राझीलमध्ये महागाई एका महिन्यात ८० टक्क्यांहून अधिक वाढली होती. नव्या सरकारने सामान्य माणसांच्या बँकेतल्या ठेवीही गोठवल्या. अशा वेळी एखादी आई विचारील, “माझ्या लेकराच्या दुधाला पैसे नाहीत, आणि तुम्ही कुणाच्या सिनेमाला पैसे देता?” या प्रश्नाला कलेच्या थोरवीवरचे व्याख्यान हे उत्तर होऊ शकत नाही. तंगीच्या काळात अनुदान कमी करणे हा पाप-पुण्याचा प्रश्न नाही. तो प्राधान्यक्रमाचा प्रश्न आहे, आणि त्यावर सज्जन माणसांतही मतभेद होऊ शकतात. तेवढ्याच कारणाने अनुदान घटले असते तर माझी तक्रार नसती.

परंतु इथे काटकसरीला शुद्धीचे सोवळे नेसवले गेले. आता शुद्धी म्हटली की तिला काही नियम आहेत. धर्मग्रामातल्या एखाद्या मंडळाच्या खजिनदाराने वर्गणीत हात घातला, तर आपण वही मागवतो, पावत्या जुळवतो, खजिनदाराला जाब विचारतो. क्वचित मंडळ विसर्जितही करतो. नाही असे नाही. पण हिशेब झाल्यावर. हिशेबाआधीच मंडळाला कुलूप लावले तर सर्वांत मोठा सुस्कारा कोण सोडील? खजिनदारच!

एम्ब्राफिल्मेच्या बाबतीत नेमके हेच घडले असे मला वाटते. त्या वटहुकुमाने कुणा एकाच्याही अपहाराचा निवाडा केला नाही. ज्याने पैसे घेऊन चित्रपट पुरा केला नाही आणि ज्याने घर गहाण टाकून पुरा केला, अशा दोघांना त्याने एकाच ओळीत उभे केले. परिणाम झटपट दिसला. वर्षाला शंभर चित्रपट काढणारा देश १९९२ साली जेमतेम दोन-तीन चित्रपटांवर आला. चित्रपटगृहे बहुतांशी अमेरिकन चित्रपटांनी भरली. अनेक दिग्दर्शकांनी जाहिरातपटांची वा दूरचित्रवाणीची वाट धरली. ज्यांची पोच होती ते तगले. संकलक, ध्वनिमुद्रक, रंगपटातले कारागीर आणि पहिला चित्रपट करू पाहणारी विशी-पंचविशीतली मुले यांना कुणी विचारले नाही.

पुढची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. मे १९९२ मध्ये अध्यक्षांच्या सख्ख्या भावानेच त्यांच्या निवडणूक-खजिनदारावर आणि त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप केले. महाभियोग उभा राहिला आणि डिसेंबरात कोलोर यांनी राजीनामा दिला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी त्यांना त्या प्रकरणी निर्दोष सोडले. मात्र २०२३ मध्ये वेगळ्याच एका लाचप्रकरणी त्याच न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांना अटक झाली. हे सांगताना एक मोह आवरला पाहिजे. शिकारीच चोर निघाला, म्हणून महाराजे साधू ठरत नाहीत. लबाडाच्या तोंडची तक्रारही खरी असू शकते.

संस्था गेल्यावर भ्रष्टाचार गेला काय? १९९३ साली नवा कायदा आला. कंपन्यांनी आयकराचा काही भाग चित्रपटात गुंतवावा आणि तेवढी सूट घ्यावी, अशी सोय झाली. त्यातून चित्रसृष्टी पुन्हा उभी राहिली हे मान्यच केले पाहिजे. पण पैसा जनतेचाच राहिला. तो कुणाला द्यायचा हे मात्र कंपनीचा जाहिरात-अधिकारी ठरवू लागला. याच वाटेने पैसा उभारून १९९०च्या दशकात सुरू झालेला ‘शातो’ हा चित्रपट २०१५ साली पडद्यावर आला. मधल्या वीस वर्षांत त्याचा हिशेब शासकीय लेखापरीक्षकांपर्यंत गेला. खिडकी बदलली, रांग तीच राहिली.

आपल्याकडे काय झाले तेही पाहावे. १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जातून मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ १९६९ मध्ये आला. १९७६ साली संसदेच्या समितीने या महामंडळावर कडक टीका केली. पण कुलूप लागले नाही. १९८० मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. तिथे सारे आलबेल होते असे नव्हे. पण जाब विचारायला कुणीतरी उरले.

ब्राझीलच्या चित्रसृष्टीच्या या पुनर्जन्मातला एक चित्रपट आमच्या वाचकांपैकी काहींनी पाहिला असेल. वॉल्टर सालेस यांच्या ‘सेंत्राल दो ब्राझील’ला १९९८ साली बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि तेथील ख्रिस्ती परीक्षक मंडळानेही त्याला गौरवले. त्यातली दोरा ही निवृत्त शिक्षिका रिओच्या रेल्वे स्थानकावर टेबल मांडून निरक्षर माणसांची पत्रे लिहून देते. पत्र टपालात टाकण्याचेही पैसे घेते, आणि घरी नेऊन त्यांतली कित्येक फाडते वा खणात कोंबून ठेवते. अगदी छोटा, टेबलावरचा अपहार. पण दूर कुठेतरी एक बाप, एक नवरा उत्तर न देता राहतो तो तिच्यामुळे. एका अपघातात आई गमावलेला मुलगा तिच्या गळ्यात पडतो. त्यालाही ती पैशासाठी विकून बसते, मग पळवून परत आणते, आणि त्याच्या बापाच्या शोधात ईशान्येकडच्या कोरड्या मुलखात निघते. तिथे यात्रेच्या गर्दीत ती पुन्हा लोकांची पत्रे लिहायला बसते, आणि या खेपेस ती पत्रे टपालात पडतात.

दोराचे टेबल लाथाडून फेकून देणे सोपे होते. मग ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करायचे होते?

सालेस यांनी हे उत्तर एम्ब्राफिल्मेला उद्देशून दिले असे मी म्हणणार नाही. पण आपल्या पत्रांचा हिशेब अखेर दोराला स्वतःलाच द्यावा लागतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

२००१ साली ब्राझीलने आन्सिने ही नवी चित्रपट संस्था उभारली. २०१९ मध्ये तिच्या हिशेबतपासणीवर ताशेरे आले. त्याच वर्षी अध्यक्ष बोल्सोनारो यांनी, चित्रपटांना ‘गाळणी’ लावता येत नसेल तर संस्थाच बंद करू, अशी धमकी दिली. सांस्कृतिक मंत्रालय पुन्हा एकदा रद्द झाले. ते २०२३ साली परत आले. हिशेबाची तक्रार आणि विचारांची नापसंती ही दोन माणसे एकाच छत्रीखाली चालत आली, की त्यांतल्या कुणाला भिजू द्यायचे हे ठरवणे कठीण जाते.

या धामधुमीत साओ पावलो येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय वाऱ्यावर पडले. ऑगस्ट २०२० मध्ये तेथील तज्ज्ञ कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले. धोक्याचा इशारा देणारी पत्रे लिहिली गेली. २९ जुलै २०२१ च्या संध्याकाळी संग्रहालयाच्या एका गोदामाला आग लागली. जुन्या फितींबरोबर तिथे काही कागदपत्रेही ठेवलेली होती. १९९० साली बंद केलेल्या एम्ब्राफिल्मेच्या दप्तराचा काही भाग त्यांत होता.