पुढच्या शिक्षकासाठी

पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या अंगाला, एका डोंगरवाडीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे. बीड जिल्ह्यातला एक तरुण तिथे शिक्षक म्हणून रुजू झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने आंतरजिल्हा बदलीची चौकशी केली. त्याला दोष देता येणार नाही. मराठवाड्यातून कोकणातल्या आडवळणी शाळांवर आलेले कितीतरी शिक्षक असेच गावाकडे डोळे लावून दिवस काढतात. आईवडील तिकडे, शेत तिकडे, आणि इथे चार महिने धो धो पाऊस.

तो मनापासून शिकवायचा, पण वर्ग हलायचा नाही. त्याने गणित घातलं ज्वारीच्या पोत्यांचं. मुलं फळ्याकडे बघत राहिली. निबंधाला विषय दिला, 'पाऊस आलाच नाही तर'. त्याच्या गावच्या कुठल्याही पोराने या विषयावर दोन पानं भरून दिली असती, कारण तिथे प्रत्येक घराने तो पाऊस न आलेला पाहिलेला असतो. इथे दोन-दोन ओळींत वह्या मिटल्या. चौथीतल्या एका मुलीने तर पान कोरंच ठेवलं. त्याने आपल्या नोंदवहीत लिहिलं, 'विद्यार्थ्यांचे आकलन कमी. भाषा अशुद्ध. घरी अभ्यासाचे वातावरण नाही.'

महाडला चवदार तळ्याच्या बाजूला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी तो खोली घेऊन राहत होता. सगळे त्यांना बाई म्हणत, तोही म्हणू लागला. बाई मूळच्या अहमदनगरकडच्या ख्रिस्ती. तरुणपणी नोकरीसाठी या भागात आल्या आणि इथल्याच झाल्या. दर 20 मार्चला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणदिनी, तळ्यावर लोटणाऱ्या माणसांना त्या घरातून पाणी नेऊन देत. रविवारी सकाळी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत, हळू आवाजात, पण चाल न सोडता.

एका शनिवारी तो त्यांच्याजवळ मनातलं सगळं बोलला. मुलं मठ्ठ आहेत असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या बोलण्याचा अर्थ तोच होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, शाळेला जाताना तुम्हाला पोलादपूर लागतं ना?"

"हो, रोज."

"तिथे 1823 साली एक माणूस वारला. डोनाल्ड मिचेल. स्कॉटलंडचा. धर्मोपदेशकाच्या घरात जन्मला, आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होता. मग फौज सोडली आणि मिशनरी होऊन परत आला. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने या मुलखात पाठवलेला तो पहिला माणूस. आपली सावित्री समुद्राला मिळते त्या बाणकोटला त्यांचं काम सुरू व्हायचं होतं. तो आला 1823 मध्ये आणि त्याच वर्षी इथे, घाटाच्या पायथ्याशी गेला."

"मग त्याने केलं काय?"

"करायला वेळच मिळाला नाही त्याला."

"बाई, मग त्याची गोष्ट कशाला सांगायची?"

"गोष्ट त्याच्यानंतर सुरू होते."

बाईंनी सांगितलेली ती गोष्ट इथे थोडी सविस्तर देतो. मिचेल गेल्यावर सोसायटीने काम गुंडाळलं नाही. जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन ही माणसं आली. बाणकोट आणि हर्णै या दोन बंदरांच्या आसपास त्यांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या, मुलींना शिकवण्याचा प्रयत्न केला. रेल्वे नव्हती, घाटात पक्का रस्ता नव्हता, नदीतून होडीने जितकं आत जाता येईल तितकं जायचं आणि पुढे चालायचं. तापाने माणसं पटापट जायची. स्टीव्हन्सन यांनी पुढे मराठीचं व्याकरण लिहिलं, ते 1833 साली छापलं गेलं. जॉन विल्सन 1829 मध्ये पत्नी मार्गारेटसह मुंबईला उतरले, पण लगेच मुंबईत काम सुरू न करता आधी मराठी शिकायला कोकणात हर्णैला गेले. त्यांनी 1832 मध्ये सुरू केलेल्या शाळेतून आजचं विल्सन कॉलेज उभं राहिलं. मार्गारेटने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. 1835 साली ती गेली, या देशात येऊन तिला पुरती सात वर्षंही झाली नव्हती.

बाईंचा जीव मात्र रॉबर्ट नेस्बिट यांच्यावर होता. 1827 साली चोविशीच्या आसपासचा हा तरुण हर्णैला आला. त्याच्या हातात पुस्तकं होती, डोक्यात स्कॉटलंडच्या विद्यापीठातलं ज्ञान होतं, आणि समोर बसलेल्या पोरांशी बोलायला जीभ नव्हती. त्याने काय करावं? तो शिकायला बसला. शास्त्र्यांकडून ग्रंथांतली मराठी शिकला, आणि बाजारातली, शेतातली, अंगणातली मराठी माणसांकडून. पुढे मुंबईत शिक्षक म्हणून त्याने आयुष्य घालवलं, 1855 मध्ये तिथेच वारला. पडद्याआडून तो बोलला तर बोलणारा परदेशी आहे हे कुणाला कळायचं नाही, अशी त्याची ख्याती होती.

या मिशनऱ्यांच्या सगळ्याच वागण्याची तरफदारी मी करणार नाही. धर्माच्या वादांत इथल्या लोकांच्या श्रद्धेवर त्यांनी कठोर शब्दांत टीका केली, माणसं दुखावली, आणि त्या जखमांची आठवण मराठी समाजाला दीर्घकाळ राहिली. तरीही ज्यांना शिकवायचं त्यांच्यासमोर आधी स्वतः विद्यार्थी होऊन बसणं, हे त्यांच्यातल्या उत्तम माणसांनी केलं. ते मला फार मोठं वाटतं. त्यांच्याही आधी दोनशे वर्षं थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीने गोव्यात हेच केलं होतं. 1579 साली तो आला, इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय आहे, ओवीत सांगितलेलं त्यांच्या काळजात उतरतं हे त्याने ओळखलं, आणि 1616 मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून आलं. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं आपण मानतो. लोकांना ज्या तऱ्हेने ऐकण्याची सवय आहे त्या तऱ्हेने सांगावं, हे या मातीला नवं नाही. परमुलखातून आलेल्याला ते कष्टाने शिकावं लागतं, इतकंच.

बाईंनी शेवटी एवढंच विचारलं, "सर, तुमच्या पोरांकडून तुम्ही आजवर काय शिकलात?"

त्याला उत्तर देता आलं नाही. रागही आला. आपण परदेशी थोडेच आहोत, मराठी शाळेत मराठीच तर शिकवतो, असं तो रात्री मनाशी घोळवत राहिला.

सोमवारी त्याने पुस्तक मिटून ठेवलं आणि मुलांना सांगितलं, "आज तुम्ही शिकवायचं." मुलं आधी लाजली. मग एकाने राब कसा भाजतात ते सांगितलं. पालापाचोळा, काटक्या, शेण शेतात पसरून जाळायचं आणि त्या जमिनीत भाताचं रोप टाकायचं. दुसऱ्याने वरकस उतारावर नाचणी आणि वरी कशी घेतात ते सांगितलं. मग सगळे एकदम बोलू लागले. रानडुकरं रात्री कुठून उतरतात, करवंदं कोणत्या जाळीत आधी पिकतात, मुंबईला गेलेले बाबा गणपतीला कोणत्या गाडीने येतात. शिक्षक वहीत लिहीत होता. मध्येच एक मुलगा म्हणाला, "सर, चुकलं, असं नाही," आणि त्याने खोडून पुन्हा लिहिलं. सरांनी खोडलेलं पाहून वर्ग खूश झाला.

दुसऱ्या दिवशी गणितातली ज्वारी गेली, नाचणी आली. आजीच्या पायलीने मोजायची, दोन घरांत वाटायची, बियाण्याला काढून ठेवायची. भागाकार बऱ्याच जणांना जमला. काहींना तरीही जमला नाही, ते पुढे वर्षभर झगडत राहिले. नुसतं उदाहरण बदललं की सगळं सोपं होतं असं नसतं. पण आता मुलं न जमलेलं येऊन विचारू लागली.

कोरं पान ठेवणारी मुलगी मात्र गप्पच होती. तिने एक दिवस डबा खाताना आपणहून सांगितलं की पाऊस आला नाही तर काय होईल यावर तिला लिहिता आलं नाही, कारण तो येऊ नये असंच तिला वाटतं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, 80 हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या डोंगरातही दरडी आल्या. मुलगी तेव्हा लहान होती. त्या रात्रीचा आवाज तिला आठवत होता. तिच्या घरी अजूनही मोठा पाऊस लागला की कुणीतरी जागं राहतं.

शिक्षकाने त्या दिवशी नोंदवहीतला आपला जुना शेरा काढून वाचला. आकलन कमी. त्याने तो खोडला नाही, खाली तारीख घालून मुलीने सांगितलेलं लिहिलं.

अशी वही भरत गेली. कोणत्या घरातलं मूल कुणाकडे राहतं, पावसात कोणता ओढा आधी चढतो आणि कोणत्या मुलांना लवकर सोडावं लागतं, कोणता धडा कोणत्या गोष्टीने उघडतो. आणि मग, पहिल्या आठवड्यापासून वाट पाहिलेली बदली झाली. त्याच्या आईची तब्येत ढासळली होती, जाणं भागच होतं. तरी तो बाईंसमोर अपराध्यासारखा उभा राहिला. "बाई, आत्ता कुठे सुरुवात झाली होती."

आतापर्यंत ओळख मुरली होती, बाई त्याला अरे-तुरे करू लागल्या होत्या. "बस खाली," त्या म्हणाल्या. "तुला टिळकांचं सांगते. आपल्या बाजूचाच माणूस तो, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, 1861 चा जन्म. 1895 मध्ये ख्रिस्ती झाला. चर्चमध्ये बरीचशी गाणी परक्या चालींची होती. टिळकांनी अभंग दिले, भजनं दिली, कीर्तन दिलं. मग येशूचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं, 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे अध्याय झाले आणि 1919 साली ते गेले. ग्रंथ अर्धाही झाला नव्हता."

"मग?"

"त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिला. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या. पुढे स्वतःच्या मनाने आल्या. त्यांनी त्या ग्रंथाचे चौसष्ट अध्याय रचले. टिळकांनी जिथे लेखणी ठेवली तिथून उचलली. तू रडतोस कशाला? तुझ्यानंतर कुणीतरी येणार आहे. त्याला पहिल्या दिवसापासून सुरू करायला लावणार आहेस का?"

त्याने पुढचे रविवार वहीची स्वच्छ प्रत करण्यात घालवले. मुलांची नावं घातली नाहीत, कुणाच्या घरची झाकली गोष्ट उघडी पडेल असं काही ठेवलं नाही. पहिल्या पानावर आपलं नावही लिहिलं नाही. 'या शाळेत नव्याने येणाऱ्या शिक्षकासाठी' एवढंच लिहिलं.

त्याच्या जागी नंदुरबारची एक तरुण शिक्षिका आली. मुख्याध्यापकांनी तिला वही दिली. तिने ती घरी नेऊन न वाचता वर्गातच मुलांसमोर मोठ्याने वाचायला घेतली. ओढ्यांचं पान आलं तेव्हा पूर्वी कोरं पान ठेवणारी, आता पाचवीत गेलेली ती मुलगी उभी राहिली. "बाई, हे सरांचं चुकलंय. शाळेमागचा ओढा आधी नाही चढत, खालच्या वाडीचा चढतो. मोठ्या पावसात शाळा बंद असते, म्हणून सरांना दिसला नाही."

नव्या बाईंनी पेन तिच्या हातात दिलं. मुलीने ओळ खोडली आणि वर बरोबर लिहिली.