जकातमाफीचे शहर

मराठी वाचकाच्या मनातले हैदराबाद हे निजामाचे असते. चारमिनार, सालारजंग, रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८. हुसेनसागराच्या उत्तरेकडचे सिकंदराबाद या चित्रात येते ते फार तर रेल्वेस्थानक म्हणून. मराठवाड्यातून देवगिरी एक्स्प्रेसने यायचे, सिकंदराबादला उतरायचे आणि रिक्षा करून मुसीकाठचे जुने शहर गाठायचे, हा आपला शिरस्ता. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर क्लॉक टॉवर, मोंडा मार्केट आणि जनरल बाजार आहेत. तिथे मात्र आपण वाकडी वाट करून जात नाही.

क्लॉक टॉवर पाहायला फार वेळ लागत नाही. १२० फूट उंचीचा हा मनोरा १ फेब्रुवारी १८९७ रोजी रेसिडेंट प्लाउडन यांच्या हस्ते खुला झाला. घड्याळ दिले दिवाणबहादूर सेठ लक्ष्मीनारायण रामगोपाल यांनी. म्हणजे अंमल इंग्रजांचा, आजूबाजूचा मुलूख निजामाचा आणि घड्याळाचा खर्च मारवाडी पेढीचा. सिकंदराबादचा सगळा इतिहास या तीन नावांत मावतो. मनोऱ्याचा फोटो काढून झाला की खरा बाजार सुरू होतो. जनरल बाजारात कापड आणि साड्या, पॉट मार्केटात सोनेचांदी, राणीगंजला नटबोल्टपासून पंपांपर्यंत सगळा लोखंडी पसारा, मोंड्यात भाजी आणि किराणा. गल्लीगणिक वास बदलतो. भाव तेलुगूत सांगितला जातो, घासाघीस दखनीत होते आणि हिशेब कुणी गुजरातीत पुटपुटतो.

असे दृश्य पाहिले की आपल्याकडच्या लेखकाची लेखणी आपोआप 'गंगा-जमनी तहजीब' लिहू लागते. मला तो मोह टाळावासा वाटतो. हे मिश्रण कुणाच्या उदारपणातून झाले नाही. ते एका लष्करी तहातून आणि एका करमाफीतून झाले. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला आणि हुसेनसागरापलीकडे इंग्रजी पलटणींचा तळ पडला. १८०६ मध्ये त्या तळाला निजाम सिकंदरजाहचे नाव मिळाले. याच सिकंदरजाहने तळावर येणाऱ्या मालाची जकात माफ केली, आणि रेजिमेंटल बाजार, जनरल बाजार उभे राहिले. व्यापाऱ्याला याहून मोठे आमंत्रण लागत नाही. पलटणीला धान्य, तूप, कापड, चामडे, दारू, घोड्यांचा चारा असे सगळे रोज लागणार, पैसे रोख मिळणार आणि नाक्यावर कुणी अडवणार नाही. मारवाडी, गुजराती, पारशी, तमिळ मुदलियार, तेलुगू कोमटी आले ते यासाठी. गावातले लोक आजही या भागाला लष्कर म्हणतात ते उगाच नव्हे.

स्वार्थातून जन्मलेले सहजीवन कमी प्रतीचे असते असे मला म्हणायचे नाही. उलट मला ते अधिक टिकाऊ वाटते, कारण त्याला कुणी चांगले वागण्याची गरज नसते. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने छावण्यांच्या बाजारांत गोऱ्या सैनिकांसाठी स्त्रियांची नोंद आणि वैद्यकीय तपासणी सुरू केली. रेजिमेंटल बाजार ही संस्था धान्याएवढीच याही व्यवहारावर उभी होती. मुक्त व्यापाराची किंमत कुणी चुकवली हे पाहिल्याशिवाय त्या काळाची वाहवा करू नये.

इंग्रजी अंमलाच्या या बेटांचा एक उपयोग मात्र मराठी माणसाने पुरेपूर करून घेतला. निजामी राज्यात सभा भरवायची, खाजगी शाळा काढायची तर सरकारी परवानगीचे शुक्लकाष्ठ मागे लागे. सभांना आधी परवानगी सक्तीची करणारे 'गश्ती निशाण ५३' हे फर्मान मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत जागोजाग भेटते. तेव्हा आधार वाटला तो बाजाराचाच. हैदराबाद शहरातला आजचा सुलतान बाजार म्हणजे तेव्हाचा रेसिडेन्सी बाजार, तोही इंग्रजी हद्दीतला. त्याच परिसरात १९०१ मध्ये तेलुगूंचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम आणि १९०७ मध्ये मराठी मंडळींची विवेक वर्धिनी शाळा सुरू झाली. हद्दीतला हा फरक १९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजार आणि १९४५ मध्ये सिकंदराबादचा नागरी भाग निजामाकडे परत गेल्यावर संपला. हैदराबादचा स्वातंत्र्यलढा आपण गावोगावच्या सत्याग्रहांतून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या आधीची वाचनालये आणि शाळा इंग्रजी हद्दीच्या आडोशाने वाढली, हेही त्यात यायला हवे.

या बाजाराचे दैवतही छावणीतूनच आले. १८१३ मध्ये पलटणीबरोबर उज्जैनला गेलेल्या सुरिटी अप्पय्या नावाच्या डोलीवाहकाने पटकीच्या साथीत महाकालीला नवस केला, आणि परतल्यावर १८१५ मध्ये इथे उज्जैनी महाकालीची स्थापना केली, अशी कथा आहे. आषाढात लष्करचा बोनालू हा देवीचा उत्सव असतो तेव्हा डोक्यावर बोनम, म्हणजे नैवेद्याचे मडके, घेतलेल्या बायकांनी जनरल बाजाराकडचे रस्ते भरून जातात. दुसऱ्या दिवशी 'रंगम'मध्ये एक स्त्री कच्च्या मडक्यावर उभी राहून वर्षाचे भाकीत सांगते, आणि मंत्रिसंत्री ते हात जोडून ऐकतात. मनोरा रेसिडेंटने उघडला, मंदिर डोलीवाल्याने. वर्दळ कुठे जास्त असते हे सांगायला नकोच.

आता या परिसराचा 'वारसा' म्हणून विचार होतो तेव्हा नजर मनोऱ्यावर जाते. दगड घासणे, दिवे लावणे, बाग करणे ही कामे सोपी आणि फोटोत चांगली दिसणारी. हैदराबादेतच याचे उदाहरण आहे. १९३५ ची मोअज्जमजाही मार्केटची इमारत अलीकडे फार सुंदर दुरुस्त झाली. पण तिथला फळांचा घाऊक व्यापार कधीच कोत्तापेटला, आणि तिथूनही शहराबाहेर बाटासिंगारमला गेला आहे. इमारत वाचली, आइस्क्रीमची दुकाने वाचली. अडत, हमाली आणि पहाटेचा लिलाव गेला. पुण्याची मंडई बांधायची ठरली तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. बाजाराची इमारत कुणासाठी, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

जुना बाजार आहे तिथेच राहू द्या म्हटले की उत्तर ठरलेले असते: गल्ल्या अरुंद आहेत, आग लागली तर बंब शिरणार नाही. मुद्दा खरा आहे आणि तो उडवून लावता येत नाही. पण सिकंदराबादच्या अलीकडच्या मोठ्या आगी कुठे लागल्या ते पाहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये तळघरात इलेक्ट्रिक स्कूटरची शोरूम असलेल्या लॉजमध्ये ८ माणसे गेली. जानेवारी २०२३ मध्ये डेक्कन मॉल जळाला. मार्चमध्ये स्वप्नलोक कॉम्प्लेक्समध्ये ६ तरुण मुले धुरात गुदमरली. तिन्ही इमारती बहुमजली, नव्या जमान्याच्या. जुन्या गल्लीची भीती दाखवून व्यापार ज्या प्रकारच्या इमारतींत हलवायचा म्हणतात, त्याच या. गल्लीला आग विझवायला पाण्याचे नळखांब, लोंबत्या तारांची सफाई आणि माल उतरवण्याच्या ठरलेल्या वेळा हव्यात.

म्हणून मोंड्याच्या जतनाचा कुठलाही आराखडा समोर आला तर मी त्यात प्रथम घड्याळ शोधणार नाही. पहाटे टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांना बसायला किती फूट जागा ठेवली आहे, तिचे भाडे कोण ठरवणार आणि हातगाडी कुठून आत येणार, हे पाहीन. सिकंदरजाहने तळावर बाजार बसावा म्हणून महसुलावर पाणी सोडले होते. आजची महानगरपालिका निदान गाळ्याच्या भाड्यात तेवढी सूट द्यायला तयार आहे का, हे त्या आराखड्याच्या शेवटच्या पानावर, खर्चाच्या तक्त्यात कळेल.