सूट किती, किंमत किती?



७ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी मिस्सामध्ये संत लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायाचे वाचन झाले. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी खाली बसून खर्चाचा हिशोब करावा; नाहीतर पाया घातला जाईल, काम अर्ध्यावर राहील आणि येणारे-जाणारे हसतील, असा दाखला प्रभू येशूने त्यात दिला आहे. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २२ सप्टेंबरला, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टी.व्ही.वरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मग दसरा, दिवाळी, नाताळ. पिंपरीपासून चाकणपर्यंत दुकानांवर सवलतीचे फलक झळकले आणि अनेक घरांत एकच विषय निघाला: मोठा टी.व्ही. आता घेऊन टाकायचा का? सणांचा हंगाम सरला तरी २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा निमित्तांनी सवलती येतच राहतात. म्हणून या प्रश्नाचा आज शांतपणे विचार करू या.

येशूचा दाखला मुळात शिष्यत्वाविषयी आहे, हे खरे. परंतु त्यासाठी त्याने उदाहरण निवडले ते रोजच्या व्यवहारातले. पैशाचा हिशोब करणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. हिशोब न करता उडी घेणे हा मात्र अविवेक आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. टी.व्ही. घेणे हे पाप नाही. असिसीची संत क्लारा एका नाताळच्या रात्री आजारपणामुळे अंथरुणाला खिळलेली होती. तरी देवळात चाललेली उपासना तिला आपल्या खोलीतूनच दिसली व ऐकू आली, असे परंपरा सांगते. म्हणूनच १९५८ साली पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत घोषित केले. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी संत पेत्राच्या रिकाम्या, पावसाने भिजलेल्या चौकात पोप फ्रान्सिस यांनी जगासाठी प्रार्थना केली, तीही कोट्यवधी भाविकांनी पडद्यावरच पाहिली. वस्तू चांगली आहे. प्रश्न असा, की ती आपल्या घरी, आज, या किमतीला चांगली आहे का?

आता सवलतीकडे पाहू. दुकानात लिहिलेला सुटीचा टक्का बहुधा छापील कमाल किमतीवर, म्हणजे एमआरपीवर मोजलेला असतो. त्या किमतीला मोठा टी.व्ही. सहसा कोणी विकतच नाही. तेव्हा पन्नास टक्के सूट म्हणजे निम्म्या भावात माल, असे समजू नये. त्याच मॉडेल क्रमांकाचा आजचा भाव दोन-तीन दुकानांत विचारावा. खरी तुलना तीच. मॉडेल जुने झाले म्हणूनही भाव उतरतो. त्यात वाईट काही नाही, पण आपल्याला ते ठाऊक असावे.

कर कमी झाल्याचा फायदा मात्र खरा आहे. करापूर्वी ५०,००० रुपये किंमत असलेला टी.व्ही. पूर्वी ६४,००० ला पडत होता, तो आता ५९,००० ला पडतो. आपण म्हणतो, पाच हजार वाचले. ज्याला टी.व्ही. घ्यायचाच होता, त्याचे पाच हजार वाचले. ज्याला नको होता आणि केवळ स्वस्त झाला म्हणून त्याने आणला, त्याचे एकोणसाठ हजार गेले.

हा आकडा आपल्या घामात मोजून पाहा. समजा, आपला एखादा बांधव चाकणच्या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि महिन्याच्या २६ शिफ्टचे त्याच्या हाती २०,००० रुपये येतात. तो टी.व्ही. म्हणजे त्याच्या सुमारे ७७ शिफ्ट. बारा महिन्यांचे हप्ते केले, तर दरमहा ४,९०० च्या वर, म्हणजे पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा. पर्मनंट कामगार निदान पुढच्या वर्षीचा पगार गृहीत धरू शकतो. कॉन्ट्रॅक्टवाल्याला लाइन बंद झाली की ब्रेक मिळतो. हप्त्याला ब्रेक नसतो. हप्ता चुकला की दंड लागतो, आणि कर्जाच्या नोंदीत डाग पडला की पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो.

‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दालाही भुलू नका. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच हरकत घेतली होती. आज जे ‘नो कॉस्ट’ म्हणून विकले जाते, त्यात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करून दाखवलेली असते. क्रेडिट कार्डावर घेतले तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी पडतो आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही द्यावे लागते. रोख देणाऱ्याने दुकानदाराला सरळ विचारावे, ‘हप्तेवाल्याला देता तेवढी सूट मला द्याल का?’ विचारायला लाजू नये.

पैशानंतर जागा. पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतरावर बसून पाहावे, असा ढोबळ नियम आहे. ५५ इंचांसाठी ते सुमारे सात फूट होते, ४३ इंचांसाठी साडेपाच फूट. चिखलीच्या घरकुलात किंवा थेरगावच्या भाड्याच्या खोलीत पलंग, कपाट, देव्हारा मांडल्यावर सात फूट उरतात का, ते टेप लावून मोजा. त्याच खोलीत नाइट करून आलेला बाप दिवसा झोपतो. त्याच खोलीत दहावीची मुलगी अभ्यासाला बसते. पडदा मोठा झाला की तो बंद असताना कोणाला त्रास नाही. पण तो किती वेळ बंद राहील?

इथे वेळेचा हिशोब येतो. ज्या रविवारी बुरुजाचा दाखला वाचला गेला, त्याच दिवशी रोममध्ये पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस या मुलाला संतपद दिले. १९९१ साली जन्मलेला आणि २००६ साली ल्युकेमियाने मरण पावलेला हा मुलगा संगणकात हुशार होता, पण व्हिडिओ गेमसाठी त्याने स्वतःला आठवड्याला एक तास ठरवून दिला होता, असे सांगितले जाते. यंत्र त्याच्या ताब्यात होते. दिवसाला तीन तास टी.व्ही. म्हणजे वर्षाला १,०९५ तास, पूर्ण पंचेचाळीस दिवसांहून अधिक. हे दिवस झोपेतून, अभ्यासातून की नवरा-बायकोच्या बोलण्यातून काढले जातात, हे प्रत्येक घराने आपले आपण तपासावे.

तराजूचे दुसरे पारडेही प्रामाणिकपणे भरले पाहिजे. आज अनेक घरांत चार माणसे चार मोबाइल घेऊन चार कोपऱ्यांत बसतात. एका भिंतीवरचा एक पडदा त्यांना पुन्हा एकत्र बसवू शकतो. नजर अधू झालेल्या आजीला मोठी अक्षरे, मोठे चेहरे दिसतात. आठवडाभर मशिनसमोर उभा राहिलेला माणूस रविवारी मुलांबरोबर क्रिकेटची मॅच पाहतो, त्या आनंदाला कोणी चंगळवाद म्हणू नये.

मग निर्णय कसा करावा? संत थॉमस अक्विनास यांनी विवेकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: सल्लामसलत, निवाडा आणि अंमल. सल्लामसलत म्हणजे घरातल्या सर्वांनी एकत्र बसणे. पैसे कमावतो त्याचेच मत मोजायचे नाही. आजीला विचारा, दहावीच्या मुलीला विचारा, महिन्याचा किराणा भरणाऱ्या गृहिणीला तर आधी विचारा. निवाडा म्हणजे किती इंच, किती रुपये आणि कोणत्या वेळी बंद, हे तिन्ही कागदावर लिहिणे. अंमल म्हणजे तो कागद खिशात घेऊन दुकानात जाणे आणि तिथल्या झगमगाटात तो न बदलणे.

माझे मत विचाराल तर सांगतो. साठवलेल्या पैशातून, मुलांची फी आणि दवाखान्याची शिल्लक बाजूला ठेवून, ज्याला परवडते त्याने मनात अपराधीपणा न बाळगता घ्यावा, आणि घरी जुना चालू संच असेल तर तो गरजूला द्यावा. ज्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टची आहे आणि जो केवळ हप्त्यावरच घेऊ शकतो, त्याने थांबावे. शेजाऱ्याच्या भिंतीवर काय टांगले आहे, हे आपल्या गरजेचे माप नव्हे. मुलीचे दहावीचे वर्ष असेल तरीही मार्चपर्यंत थांबावे. सवलत पुढच्या सणाला पुन्हा येईल, ते वर्ष पुन्हा येणार नाही.

या आठवड्यात एका संध्याकाळी असलेला टी.व्ही. बंद करून कुटुंबाने एकत्र बसावे, छोटी प्रार्थना करावी आणि हा हिशोब मांडावा. घ्यायचे ठरो वा न ठरो, तो निर्णय सर्वांचा असू द्या. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने प्रभू तुमच्या घरांना विवेक, समाधान व शांती देवो. आमेन.

आपला ख्रिस्तसेवक,
प्रमुख धर्मगुरू