संकटातले स्मरण

नामस्मरण या शब्दात निम्मा वाटा स्मरणाचा आहे. आणि तेच साधत नाही असे गाऱ्हाणे आम्हांपाशी पुष्कळ येते. ‘बुवा, वय झाले, अभंग पाठ राहत नाही.’

तर माउली, २६ जुलै २००५ आठवतो का? घाटकोपर असो, अंधेरी असो, मंडळी घडाघडा सांगतात : पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, रुळांवरून कोणाचा हात धरून चाललो, चहा कोणी पाजला. त्या वेळी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. साकीनाक्याला दरड कोसळून माणसे गाडली गेली. इतकी वर्षे लोटली तरी पायरी विसरली नाही! मग स्मरणशक्ती गेली कोठे?

स्मृती ही संस्कारातून उपजते, असे तर्कशास्त्र सांगते. संस्कार दृढ कशाने होतो, याचा प्रयोग अमेरिकेतील जेम्स नेर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. काहींना सांगितले, ‘तुम्ही परक्या मुलखात माळरानावर अडकला आहात, अन्नपाणी मिळवायचे, श्वापदांपासून वाचायचे, तेथे यातला कोणता शब्द किती कामाचा ते ठरवा.’ दुसऱ्यांना विचारले, ‘शब्द किती गोड वाटतो?’ मग अवचित परीक्षा घेतली. जिवाचा विचार करणाऱ्यांना शब्द जास्त आठवले. पुढच्या काही अभ्यासकांच्या मते हे नुसत्या भीतीचे फळ नव्हे; ‘ही वस्तू मला कशी उपयोगी पडेल’ असा नाना परींनी विचार झाला, म्हणून ती ठसली.

आता परीक्षिती राजाकडे पाहा. सातव्या दिवशी तक्षकाचा दंश ठरलेला. तरी त्याने शुकाचार्यांना जगण्याची युक्ती विचारली नाही. मरणाऱ्याने काय ऐकावे, कोणाला स्मरावे, हे विचारले. निकड तीच, पण तिचे तोंड देवाकडे वळवले. आपल्यालाही वार सातच आहेत ना? आठवा कोणी पाहिला?

म्हणून सांगणे इतकेच. गोड चालीसाठी अभंग म्हणाल तर चाल राहील, अभंग निसटेल. एकेका चरणापाशी थांबा आणि स्वतःला विचारा : घरात दुखणे आले तर हा चरण मला कसा धरील? नोकरी सुटली तर? शेवटच्या श्वासाला? असा विचारून पाहिलेला चरण घोकावा लागत नाही. बुडत्याला आधाराची फांदी कोणी पाठ करून ठेवायला सांगत नाही.

रामकृष्ण हरी.