भ्यालेल्या कुत्र्याला अभय

अपघातातून वाचलेल्या कुत्र्याची जखम भरते, मोडलेले हाड सांधते; भीती मात्र तेवढ्याने जात नाही. ज्या वळणावर धक्का बसला ते वळण, त्या वाहनाचा आवाज, पुढेपुढे तसला कोणताही आवाज त्याच्या मनात तीच दहशत जागी करतो. ही भीती घालवणे हे पशुवैद्यकाचे काम आहेच. पण भारतीय धर्मविचारातल्या एका जुन्या प्रश्नाशीही त्याचा संबंध पोचतो. अनेक परंपरांनी अभयदानाला दानांत श्रेष्ठ मानले आहे. ज्याला शब्द कळत नाही, वचन कळत नाही, त्याला अभय देता येते का? आणि देता येत असेल, तर ते पोचले हे कोणी ठरवायचे?

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीत हा प्रश्न पोथीतला राहत नाही. अक्कलकोट आणि भीमा-अमरजा संगमावरचे गाणगापूर ही दत्तसंप्रदायाची दोन मोठी क्षेत्रे या परिसरात आहेत, आणि दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायाशी चार कुत्री असतात. त्यांना चार वेदांची रूपे मानतात. १८७८ साली अक्कलकोटात समाधिस्थ झालेल्या स्वामी समर्थांच्या नावाने ‘भिऊ नकोस’ हे आश्वासन घराघरांत आणि रिक्षांच्या काचांवर लिहिलेले दिसते. त्याच रस्त्यांवरून यात्रेकरूंच्या गाड्या धावतात, हंगामात उसाच्या ट्रॉल्या खडखडत जातात, वरातीत फटाके फुटतात. गल्लीत वाढलेल्या कुत्र्याला या सगळ्यातून वाट काढावी लागते. तसबिरीतल्या कुत्र्याला हात जोडणाऱ्याने दारातल्या भ्यालेल्या कुत्र्याशी कसे वागावे, हा तिथला खरा धर्मप्रश्न आहे.

महाभारताने या प्रश्नाला आरंभी आणि शेवटी अशा दोन्ही टोकांना जागा दिली आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते, उत्तर मिळत नाही, तेव्हा ती शाप देते: निरपराध्याला मारलेत, म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर येईल. राजाचे राज्य जाईल किंवा वंश बुडेल असे ती म्हणत नाही. ज्याने भय पेरले त्याच्या वाट्याला भयच येते, असा या कथेचा न्याय आहे. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी उभा असतो आणि सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून रथात बसायला इंद्र सांगतो. युधिष्ठिर नकार देतो. भ्यालेला, आर्त, आश्रयाला आलेला आणि दुसरा आधार नसलेला जीव आपण प्राण गेला तरी सोडणार नाही, असे तो सांगतो. त्याने दिलेल्या या यादीत ‘भ्यालेला’ आहे, हे महत्त्वाचे. तो कुत्रा स्वतः धर्म असल्याचे नंतर उघड होते. पण युधिष्ठिराने निर्णय घेतला तेव्हा त्याच्यासमोर फक्त एक कुत्रा होता.

पुढच्या परंपरांनी हाच धागा धरला. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासून सुरू होते, आणि पाचव्या अध्यायात समदृष्टी सांगताना ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्याबरोबर कुत्र्याचे नाव येते. जैन परंपरेत अभयदानाला फार वरचे स्थान आहे. त्या विचारात कुत्रा पंचेंद्रिय जीव आहे आणि त्याला मनही आहे, म्हणजे भय त्याच्या शरीराबरोबर मनालाही होते. मैंदर्गीच्या परिसरात रुजलेल्या लिंगायत परंपरेत दया हेच धर्माचे मूळ, ही बसवण्णांची शिकवण आहे. आधुनिक विज्ञानही या बाबतीत दूर नाही. ७ जुलै २०१२ रोजी केंब्रिज येथे मेंदूच्या अभ्यासकांनी एक जाहीरनामा काढून सर्व सस्तन प्राण्यांत जाणिवेला लागणारी मज्जारचना असल्याचे नमूद केले. कुत्र्याची भीती ही केवळ अंगाची थरथर आहे, असे म्हणायला आता आधार उरलेला नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ते त्या जिवाचे प्राक्तन आहे, त्यात पडू नये. पण कर्मसिद्धांत दुःखाचे कारण सांगतो. पाहणाऱ्याला कर्तव्यातून मोकळे करत नाही. समोरचे दुःख पाहून पाठ फिरवणे हेही एक नवे कर्मच ठरते. रामेश्वराला नेण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. त्या गाढवाचे पूर्वसंचित काय, असा प्रश्न कथेत कुठेही येत नाही.

अभय द्यायचे ठरले तरी ते द्यायचे कसे? याचे मराठीतले सर्वांत सूक्ष्म उत्तर १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत सापडते. तेराव्या अध्यायात अहिंसेचे वर्णन करताना ज्ञानदेव ती मनात किती आहे एवढे सांगून थांबत नाहीत. ती माणसाच्या चालण्यात, बोलण्यात, नजरेत आणि हातांत कशी उतरते, हे ते एकेक करून दाखवतात. पाऊल जीव जपून पडते. बोलण्याआधीच स्नेह दिसतो. हात उचलला तर तो अभय देण्यासाठी, पडलेल्याला सावरण्यासाठी, किंवा आर्ताला हलकेच स्पर्श करण्यासाठी. कुत्र्याच्या बाबतीत हे वर्णन अक्षरशः खरे ठरते. मराठीतला ‘ये’ आणि कानडीतला ‘बा’ त्याला सारखेच. तो आवाजाची पट्टी, पावलांची गती, खांद्यांचा ताठा आणि हाताची दिशा वाचतो. ज्याला वचन देता येत नाही त्याला अभय वागणुकीतूनच द्यावे लागते.

पहिली वागणूक म्हणजे वेदना तपासून घेणे. दुखणाऱ्या अंगाला सुरक्षित वाटत नाही. म्हणून गुरांच्या दवाखान्यात हाडे, पोट आणि दात तपासून घेतल्याशिवाय बाकीचे उपाय सुरू करू नयेत. माणसांची वेदनाशामक औषधे कुत्र्याला घातक ठरू शकतात, ती मनाने देऊ नयेत. दुसरी गोष्ट निवाऱ्याची. ओसरीचा कोपरा, बाजेखालची जागा, पोत्याचे अंथरूण असे काहीही चालेल. पण तिथे कोणी त्याला ओढू नये, मुलांनी छेडू नये. खाणे, पाणी आणि फिरणे ठरल्या वेळी झाले की पुढे काय होणार हे त्याला कळू लागते, आणि भीतीचा मोठा भाग त्या अनिश्चिततेतच असतो.

यानंतर भीतीच्या कारणाशी हळूहळू ओळख करून द्यायची असते. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली सशाला भिणाऱ्या एका लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मूल आवडीचे खात असताना ससा दूर ठेवला, मग मुलाला सोसेल तसा थोडाथोडा जवळ आणला. अखेर मुलाने त्याला हात लावला. कुत्र्यासाठी आजही हाच मार्ग वापरतात. ट्रॅक्टरला भिणाऱ्या कुत्र्याला आधी इतक्या लांब ठेवावे की आवाज ऐकू येईल, पण अंग ताठणार नाही. आवाज येताच मऊ भाकरीचा तुकडा किंवा मीठ-मसाल्याशिवाय उकडलेले अंडे द्यावे. आवाज थांबला की खाऊही थांबवावा. आवाजामागून चांगले काहीतरी येते, हे मनात बसले की अंतर थोडे कमी करावे. शेपूट पायांत घालणे, कान मागे पाडणे, वारंवार ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे, आवडीचे खाणे नाकारणे ही भीतीची चिन्हे आहेत. ती दिसली की पुन्हा मागे सरावे.

काही गोष्टी निश्चितपणे टाळाव्यात. ‘एकदाची सवय होऊ दे’ म्हणून साखळीने रस्त्याच्या कडेला बांधल्यास भीती मोडत नाही. कुत्रा हताश होऊन गप्प बसतो, आणि तो शांतपणा नसतो. भ्याल्याबद्दल ओरडणे किंवा मारणे म्हणजे एका भीतीवर दुसरी चढवणे. जवळ घेतल्याने कुत्रा अधिक भित्रा होतो, हा समज चुकीचा आहे. तो आपणहून जवळ आला तर त्याला आधार द्यावा, मात्र तो दूर असताना ओढून कुशीत घेऊ नये. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. एखाद्या वरातीच्या फटाक्यांनी बरेच दिवस मिळवलेला धीर सुटू शकतो. तेव्हा आधीच्या टप्प्यावर येऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. भीतीने खाणे-झोप तुटली असेल तर पशुवैद्यक औषधेही देतात, आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

अभय दुहेरी असावे लागते. जखमी, भ्यालेला कुत्रा प्रेमळ असला तरी चावू शकतो. म्हणून त्याला उचलताना जाड कापड वापरावे, तोंडाजवळ चेहरा नेऊ नये, मुलांना दूर ठेवावे. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रेबीजची लस घ्यावी. शेजाऱ्यांना भीतीत ठेवून एका कुत्र्याला दिलेले अभय टिकत नाही. लसीकरण आणि निर्बीजीकरण हा त्या अभयाचाच भाग आहे.

राज्यव्यवस्थेनेही हे कर्तव्य मान्य केले आहे. राज्यघटनेच्या ५१-अ (जी) या कलमाने प्राणिमात्रांविषयी करुणा हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. २०१४ साली जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांना मान्यता दिली. भय आणि क्लेशापासून मुक्तता हे त्यांतले एक आहे. पण कायदा क्रूरतेला आळा घालू शकतो, विश्वास परत आणून देऊ शकत नाही. ते काम रोज त्या कुत्र्याला भाकरी घालणाऱ्या माणसाचेच आहे.

इतर बहुतेक दानांत दात्याने हात सोडला की दान पूर्ण होते. अभयाचे तसे नाही. ‘मी तुला काही करणार नाही’ असे म्हणणाऱ्याचे दान, समोरचा जीव थरथरत असेल तोवर, अपुरेच असते. ते पूर्ण झाले की नाही, हे घेणारा ठरवतो. शब्द न कळणाऱ्या जिवाला अभय देता येते. मात्र तो आपणहून पुढे येईपर्यंत धीर धरायची तयारी देणाऱ्याकडे हवी, आणि कुत्र्याच्या बाबतीत हा धीर हाच धर्म आहे.