साखळीचे दुसरे टोक

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नावाजलेल्या सोनगीरात एका सकाळी, किल्ल्याच्या टेकडीवरून ऊन नुकतेच खाली उतरत असताना, एका तांबटाने ठोके पुरे करून ओट्यावर मांडलेल्या नव्या हंड्यापाशी एक धष्टपुष्ट, पट्टा बांधलेला कुत्रा थांबला, त्याने तंगडी वर केली, आणि चार पावले पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध उरलेला विधीही उरकला. साखळी धरून उभे असलेले सुविद्य गृहस्थ तेवढा वेळ किल्ल्याच्या पडक्या तटाकडे अशा एकाग्रतेने पाहत होते, की जणू त्यांना त्याची मोजणीच करावयाची होती. तांबट कुरकुरला, तेव्हा उत्तर आले, "जाऊ द्या भाऊ, मुकं जनावर शे, तेले काय समजस!"

जनावराला समजत नाही हे खरे. पण जनावरावर आरोप केला होता कोणी? मोकळे कुत्रे आपली जागा आपणच निवडते, आणि निजण्या-खाण्याचे ठिकाण बहुधा टाळते. गळ्यात पट्टा पडला, की ती निवड त्याच्याकडून काढून घेतली जाते, आणि कोठे वळावे, कोठे थांबावे हे ठरविण्याचा अखत्यार साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे जातो. ज्याचा अखत्यार त्याचीच जबाबदारी, हा न्याय आपण गावच्या पाटलापासून तलाठ्यापर्यंत सर्वांना लावीत आलो. कुत्र्याच्या धन्यालाच तेवढी माफी का असावी? सातबाऱ्यावरील वीतभर बांधासाठी भावाला कोर्टात खेचणारा माणूस आपल्या कुत्र्याच्या मळावरील मालकी मात्र किती उदारपणे सोडून देतो!

मळाविषयी सरसकट किळस कृषिजीवनात कधी नव्हतीच. शेणाने अंगण सारवले जाते, लेंडीखताला मोल येते, आणि धुळे जिल्ह्यातल्या ठेलारी मेंढपाळांचा कळप शेतात बसवून घेण्यासाठी शेतकरी त्यांना मोबदला देतो. त्या कळपामागून चालणाऱ्या कुत्र्याचे उत्सर्जन विस्तीर्ण शिवारात कोठे जिरते, हे विचारण्याची कोणाला गरज पडली नाही. आणि त्यातूनच, हेही एक खतच, असा सोयीस्कर समज रूढ झाला असावा. तो चुकीचा आहे. कुत्र्याच्या आतड्यातील गोलकृमींची अंडी विष्ठेवाटे मातीत उतरतात, आणि मातीत खेळून तोच हात तोंडात घालणाऱ्या मुलांना त्यांची बाधा होते. क्वचित डोळ्यालाही इजा पोहोचते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ताज्या विष्ठेतील अंडी बाधक नसतात. मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर ती बाधक बनतात, आणि मग महिनोन्महिने तग धरतात. म्हणजे ज्या क्षणी गृहस्थ तटाकडे पाहत होते, नेमक्या त्याच क्षणी कागदाचा एक तुकडा पुरेसा होता. कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचे औषध देणे हे त्याच्याही आधीचे कर्तव्य, पण त्याला रस्त्यावर साक्षीदार लागत नाहीत.

न्यूयॉर्कने 1978 साली धन्याने विष्ठा उचलावी असा कायदा लागू केला; मुंबईच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींनीही अशा घाणीसाठी दंड ठेवला. दंडाची पावती फाडणारा शिपाई पहाटे प्रत्येक गल्लीत उभा करता येत नाही, हे उघड आहे. तरीही उघड्यावरचे शौच थांबविण्यासाठी आपल्याच खेड्यांतून पहाटे 'गुड मॉर्निंग पथके' फिरली, आणि टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा त्यांनी चारचौघांत लाजविले. त्या पथकांची रीत मला कधीच रुचली नाही; लाजविण्याने शौचालयात पाणी येत नाही. पण ज्या गावात गरिबाने उघड्यावर बसणे हा अपराध ठरला, त्याच गावात श्रीमंताच्या कुत्र्याने दुसऱ्याच्या ओट्याशी बसणे हा हौसेचा भाग ठरावा, ही विसंगती डोळ्यांआड करवत नाही.

तांबटाने पुढे वाद घातला नाही. त्याने हंडा चिंचेने घासला, धुतला, आणि उन्हात पालथा घातला; या खेपेस ओट्यावर नव्हे, उंबऱ्याच्या आत.